न आलेल्या एलिमेंटचा हिशेब

जावाच्या क्लासमधलं एक फील्ड आणि बँकेच्या एक्सएमएल फाईलमधलं एक एलिमेंट, यांची सांगड घालणं हे गेली कित्येक वर्षं माझं रोजचं काम आहे. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी आहे, ती सहकारी बँकांसाठी पेमेंटचं सॉफ्टवेअर करते. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या शाखेत ग्राहक आरटीजीएसचा फॉर्म भरून देतो, काउंटरवरचा क्लार्क तो स्क्रीनवर चढवतो, अधिकारी पास करतो, आणि तिथून पुढे तो व्यवहार आमच्या कोडमधून एक्सएमएल होऊन बाहेर पडतो. छोट्या सहकारी बँका पुष्कळदा एखाद्या मोठ्या बँकेच्या मार्फत या यंत्रणेत शिरतात, त्यामुळे आमची फाईल आधी त्या मोठ्या बँकेकडे जाते. तिथे ती वाचणारा माणूस नसतो, दुसरा प्रोग्राम असतो. त्याला आपल्या मनातलं कळत नाही. टॅगमध्ये जे लिहिलंय तेवढंच त्याच्यापर्यंत पोचतं.

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१३मध्ये आरटीजीएसची नवी यंत्रणा सुरू केली ती आयएसओ २००२२ या आंतरराष्ट्रीय मानकावर. या मानकात प्रत्येक मेसेजची स्कीमा ठरलेली असते. कुठलं एलिमेंट कुठे येणार, किती वेळा येणार, सक्तीचं की ऐच्छिक, सगळं लिहिलेलं. मेसेजचा क्रमांक ३५ अक्षरांच्या आत बसवायचा, हेसुद्धा. नावं मात्र स्वर गाळून आखडलेली असतात. ‘क्रेडिट ट्रान्स्फर ट्रान्झॅक्शन इन्फर्मेशन’ एवढ्या मोठ्या नावाचं ‘सीडीटीटीआरएफटीएक्सइन्फ’ होतं. कोड लिहिणाऱ्याने दिवसभर असल्या नावांशी झगडावं असं कोणालाच वाटत नाही, आणि पलीकडच्या बँकेला तर नेमकी हीच नावं हवी असतात. ॲनोटेशनचा जन्म याच अडचणीसाठी झाला असावा, असं मला सुरुवातीला वाटायचं.

जावामध्ये ॲनोटेशन आलं २००४ साली, पाचव्या आवृत्तीत. फील्डच्या डोक्यावर ‘@’ हे चिन्ह लावून एक ओळ लिहायची: हे फील्ड बाहेर जाताना अमुक नावाने जाईल. २००६ साली जावाचे क्लास आणि एक्सएमएल यांची सांगड घालणाऱ्या जॅक्सबी या लायब्ररीची दुसरी आवृत्ती आली ती या ॲनोटेशनच्या बळावर, आणि त्याच वर्षी आलेल्या जावा ६मध्ये ती आयतीच मिळू लागली. एक गोष्ट मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगते. ॲनोटेशन स्वतः काहीच करत नाही. फडताळातल्या डब्यावर ‘गूळ’ अशी चिठ्ठी चिकटवली म्हणून आत गूळ येत नाही; ती चिठ्ठी वाचून डबा उचलणारं कोणीतरी लागतं. इथे वाचणारी असते लायब्ररी. प्रोग्राम चालू असताना ती क्लास उघडून बघते, कुठल्या फील्डवर काय लिहिलंय ते टिपून घेते, त्यावरून एक नकाशा तयार करते आणि तो सांभाळून ठेवते. नकाशा करायला वेळ लागतो, म्हणून तो एकदाच करायचा आणि सगळ्यांनी वापरायचा. प्रत्यक्ष फाईल लिहिणारा मार्शलर मात्र दर वेळी वेगळा घ्यायचा, कारण दोन धागे एकाच वेळी तो वापरू लागले तर त्याची खात्री देता येत नाही.

आणि चिठ्ठी नसेल तर? तर लायब्ररी स्वतःच्या समजुतीने काम करते. फील्डचं जे नाव तेच एलिमेंटचं नाव. माझ्या मते सगळा धोका या सोयीत आहे.

शिकवताना मी मराठी टॅग वापरते. एक्सएमएलचं मानक फेब्रुवारी १९९८मध्ये आलं तेव्हापासून त्यात देवनागरी अक्षरांची नावं चालतात, हे बऱ्याच अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. जावामध्येही फील्डला मराठी नाव देता येतं. तेव्हा फळ्यावर मी असं काहीतरी लिहिते:

<पेमेंट>
<क्रमांक>पुणे-०४१७</क्रमांक>
<लाभार्थी>सावित्री ट्रेडर्स</लाभार्थी>
<रक्कम चलन="रुपये">२५०००.००</रक्कम>
</पेमेंट>

यात पेमेंट हा क्लास. त्याच्यावर मूळ एलिमेंटचं ॲनोटेशन. क्रमांक आणि लाभार्थी ही साधी अक्षरांची फील्डं. रक्कम थोडी वेगळी, कारण तिच्या आत आकडा आहे आणि तिच्या अंगावर चलन आहे. म्हणून तिचा छोटा क्लास करायचा, त्यातल्या एका फील्डवर ‘ही टॅगच्या आतली किंमत’ असं ॲनोटेशन लावायचं आणि दुसऱ्यावर ‘हे ॲट्रिब्यूट’. आयएसओच्या मेसेजमध्येही रक्कम आणि चलन अशीच जोडीने येतात. मराठी नावं दिसली की मुलांचं लक्ष टॅगच्या स्पेलिंगवरून उठतं आणि रचनेकडे जातं. मग ती नेमके प्रश्न विचारतात.

याच फळ्यावर आणखी एक गंमत दिसते. रकमेचे अंक मी मराठीत लिहिलेत. स्कीमाच्या नियमाप्रमाणे दशांश संख्येत इंग्रजी अंकच चालतात, त्यामुळे स्कीमा तपासणी हा मेसेज तिथेच अडवते. पण जावाचा बिगडेसिमल हा प्रकार देवनागरी अंकही संख्या म्हणून स्वीकारतो. म्हणजे स्कीमा न लावता हीच फाईल वाचली तर पंचवीस हजार रुपये बिनबोभाट आत येतील. एकच फाईल एका दारात चुकीची आणि दुसऱ्या दारात बरोबर. कुठल्या दारातून आत घ्यायचं, हे आपण ठरवलेलं असलं पाहिजे.

आता लाभार्थीची ओळ पुसून टाकू. वाचताना काय होईल? नवीन मुलं बहुतेक वेळा म्हणतात, एरर येईल. येत नाही. लायब्ररी फाईल शेवटपर्यंत वाचते, लाभार्थी या फील्डमध्ये नल राहतं, आणि ऑब्जेक्ट तुमच्या हातात येतो. ‘हे सक्तीचं आहे’ असं ॲनोटेशनमध्ये लिहिलं असलं तरी येत नाही. ती सूचना स्कीमा तयार करताना उपयोगी पडते, वाचताना कोणी तिच्या आधारे अडवत नाही. बाहेर लिहितानाही तेच: फील्ड नल असेल तर एलिमेंट फाईलमध्ये उमटतच नाही. आता ओळ पुसण्याऐवजी टॅग ठेवू आणि आतलं नाव तेवढं काढू. या वेळी नल येत नाही, रिकामी अक्षरमाळ येते. तिसरा प्रकार म्हणजे टॅग ठेवून त्याच्यावर ‘निल’ असं स्पष्ट लिहिणं. त्यासाठी ॲनोटेशनमध्ये तशी परवानगी द्यावी लागते. नाव दिलंच नाही, नाव रिकामं दिलं, नाव नाही असं सांगितलं. शाखेतल्या क्लार्कला या तिन्हींत फरक वाटणार नाही. पण पलीकडच्या बँकेच्या प्रोग्रामला पहिल्यात जुनं नाव तसंच ठेवावं असा अर्थ लागू शकतो, दुसऱ्यात नाव पुसावं असा, आणि तिसरा प्रकार तो कदाचित नाकारेलही.

संख्यांचं आणखी वेगळं. जावाचा साधा इंट घेतला तर त्यात नल मावतच नाही. एलिमेंट आलं नाही तरी फील्डमध्ये शून्य असतं, आणि बाहेर जाताना ते शून्य ठणठणीत लिहिलं जातं. म्हणजे वाटेत कुठेतरी ‘माहीत नाही’चं ‘शून्य’ होऊन जातं. व्याजाचा दर, हप्त्यांची संख्या, उरलेली रक्कम, यांत शून्याला अर्थ असतो. म्हणून आमच्या टीमचा नियम आहे: बाहेरच्या मेसेजला लागलेल्या क्लासमध्ये साधा इंट, साधा डबल चालणार नाही. यावर वाद घालायला मी तयार असते, पण अजून मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

याद्यांमध्येही हाच पेच. व्यवहारांची यादी सरळ ठेवली तर यादी रिकामी असो की नल, फाईलमध्ये दोन्ही वेळा काहीच दिसत नाही. तिला बाहेरून एक वेष्टन देणारं ॲनोटेशन लावलं तर फरक उमटतो: नल यादीचं वेष्टनही गायब, रिकाम्या यादीचं वेष्टन मात्र हजर, आत काही नाही. ‘आज एकही व्यवहार नाही’ आणि ‘आजचे व्यवहार आम्ही पाठवलेच नाहीत’ यांतला फरक दिवसअखेरीच्या हिशेबात किती मोठा असतो, हे ज्याने बँकेत संध्याकाळी ताळा बसवलाय त्याला सांगायला नको.

मूळ किमतीचं म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यूचं ॲनोटेशन तर हमखास चकवतं. लोकांना वाटतं, एलिमेंट नसलं तर ही किंमत लागेल. ती लागते एलिमेंट आहे पण रिकामं आहे तेव्हा. एलिमेंटच नसेल तर फील्ड जसं होतं तसंच राहतं. मला स्वतःला हे ॲनोटेशन पैशांच्या मेसेजमध्ये नकोच वाटतं. मूळ किंमत ठरवणं हा बँकेचा निर्णय आहे. तो आपल्या कोडमध्ये वाचता येईल अशा जागी, नावानिशी असावा.

नावं न लिहिण्याचा धोका मी वर म्हटला, तो कसा समोर येतो ते सांगते. आमच्याकडे एका मॉड्यूलमध्ये शाखेच्या फील्डचं नाव बदललं गेलं. एडिटर हे काम चोख करतो. सगळ्या क्लासमध्ये शोधून नवीन नाव घालतो, बिल्ड हिरवं, सगळ्या टेस्ट पास. त्या टेस्ट कशा होत्या? ऑब्जेक्ट घ्यायचा, एक्सएमएल करायचं, परत ऑब्जेक्ट करायचा आणि दोन्ही सारखे आहेत का बघायचं. नाव दोन्ही दिशांनी सारखंच बदललं, त्यामुळे सारखे तर येणारच. पलीकडे मात्र जुनं नाव शोधणारा प्रोग्राम होता. ॲनोटेशनवर नाव स्पष्ट लिहिलेलं असतं तर आतलं नाव शंभरदा बदललं तरी बाहेरचं हललं नसतं. तेव्हापासून आमच्या रिव्ह्यूमध्ये नाव नसलेलं ॲनोटेशन पास होत नाही, फील्डचं नाव आणि टॅगचं नाव अगदी एकच असलं तरी. आणि जाऊन परत येणाऱ्या टेस्टवर विसंबणं आम्ही सोडलं. आता प्रत्येक मेसेजची एक नमुना फाईल जपलेली आहे, बँकेने मान्य केलेली, आणि आमचं एक्सएमएल त्या फाईलशी ताडून बघितलं जातं.

क्रमाचंही असंच. आयएसओच्या स्कीमांमध्ये एलिमेंटचा क्रम बांधलेला असतो. तारखेनंतर रक्कम म्हणजे तारखेनंतरच रक्कम. क्लासमध्ये फील्डं ज्या क्रमाने लिहिलीत त्याच क्रमाने ती फाईलमध्ये उतरतात, असा बहुतेकांचा अनुभव असतो, पण मानकाने तशी हमी दिलेली नाही. आणि हमी असती तरी काय. कोणीतरी साफसफाई म्हणून फील्डं अकारविल्हे लावली की क्रम गेला. त्यासाठी क्लासवर क्रमाचं वेगळं ॲनोटेशन आहे. त्यात जावाच्या फील्डांची नावं लिहायची असतात, टॅगची नाही. इथे नवीन माणूस हटकून अडखळतो. पण हे ॲनोटेशन मला फार आवडतं, कारण ते गप्प बसत नाही. एक फील्ड यादीत लिहायचं राहिलं तरी लायब्ररी नकाशा करायलाच नकार देते आणि नाव घेऊन सांगते की अमुक फील्ड आहे पण क्रमात नाही. ‘एकाच नावाची दोन फील्डं आहेत’ ही एररही अशीच. फील्डवर ॲनोटेशन लावलं आणि गेटरही उघडा आहे, म्हणजे लायब्ररीला एकच गोष्ट दोनदा सापडते. नेहमीच्या वागण्यात ती उघडे गेटर-सेटर बघते आणि शिवाय जिथे ॲनोटेशन आहे ती फील्डंही. क्लासवर ‘फक्त फील्डं बघ’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो. नवीन मुलं या एररला वैतागतात. मी म्हणते, ज्या चुका ओरडतात त्यांच्याशी भांडू नका.

न ओरडणाऱ्यांपैकी दोन मला विशेष लक्षात राहिल्या आहेत, कारण त्या आपल्या इथल्या हिशेबाच्या अगदी नाजूक जागी येतात.

पहिली एक कोटीची. रक्कम डबलमध्ये ठेवू नये हे सगळे पाठ म्हणतात, कारण पैशांच्या अपूर्णांकात गडबड होते. पण एक्सएमएलमध्ये त्याहून ढोबळ गोष्ट घडते. जावा डबलला अक्षरांत उतरवताना एका मर्यादेपर्यंत साध्या अंकांत लिहितं आणि त्यापुढे घातांकाची पद्धत धरतं. ती मर्यादा म्हणजे दहाचा सातवा घात, आपला बरोबर एक कोटी. नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत सगळं सुरळीत. एक कोटीला टॅगच्या आत उमटतं १.०ई७. स्कीमातल्या दशांश प्रकाराला हा ‘ई’ चालत नाही. तालुक्याच्या शाखेत कोटीचा आरटीजीएस रोज होत नाही. टेस्ट करणारा माणूस पाच लाख, दहा लाख टाकून बघतो. मग साखर कारखान्याचं पेमेंट येतं, किंवा एखाद्या बिल्डरचं जमिनीचं, आणि ते तेवढं एक नाकारलं जातं, बाकी सगळी फाईल ठीक. बिगडेसिमल वापरलं तर लायब्ररी पूर्ण अंक लिहिते आणि हा प्रश्नच उरत नाही. मी रकमेची टेस्ट कायम एक कोटीने सुरू करते.

दुसरी १ एप्रिलची. जुन्या डेट या प्रकारात नुसती तारीख नसते, तो वेळेतला एक क्षण असतो. शाखेच्या मशीनवर १ एप्रिलची मध्यरात्र म्हणून जो क्षण धरला, तो यूटीसी वेळेत ३१ मार्चच्या संध्याकाळचे साडेसहा असतो. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल आणि तिथे त्या क्षणाची फक्त तारीख काढून टॅगमध्ये लिहिली, तर व्यवहार आदल्या दिवसावर जातो. बाकी वर्षभर एका दिवसाचा फरक कोणी कुरबुर करून सोडून देईल. इथे मात्र आख्खं आर्थिक वर्ष बदलतं. नवीन लोकल डेट या प्रकारात वेळच नाही, तेव्हा तो घ्यावा, हे योग्यच. पण आम्ही वापरत होतो त्या जॅक्सबीला तो प्रकार ओळखता येत नव्हता. तसाच दिला तर तारखेचा टॅग निमूटपणे रिकामा उमटायचा. मध्ये ॲडॉप्टर लागतो: दोन छोट्या मेथड, एक तारखेची अक्षरं करणारी, एक अक्षरांची तारीख करणारी, आणि फील्डवर ‘हा ॲडॉप्टर वापर’ असं ॲनोटेशन. दहा-बारा ओळींचा कोड असेल. सगळ्या मेसेजच्या सगळ्या तारखा आता त्याच एका वाटेने जातात, आणि तो क्लास कोणी बदलायला घेतला तर टीममधल्या निम्म्या लोकांना नोटिफिकेशन जातं.

जावा ११ आली २०१८मध्ये आणि तिच्यातून जॅक्सबी काढून टाकण्यात आली. जुना प्रोग्राम नव्या जावावर चालवला की क्लास सापडत नाही अशी एरर पहिल्याच मिनिटाला. ती बरी, लायब्ररी बाहेरून जोडली, काम झालं. खरी परीक्षा पुढच्या टप्प्यात झाली. जकार्ता नावाखाली पुढची आवृत्ती आली तेव्हा पॅकेजचं नाव बदललं: जिथे ‘जावाएक्स’ होतं तिथे ‘जकार्ता’. कोडमध्ये शेकडो इम्पोर्ट बदलायचे. आमच्या एका जुन्या मॉड्यूलमध्ये वरच्या क्लासचे इम्पोर्ट बदलले गेले आणि आतल्या एका क्लासचे राहिले. दोन्ही जार क्लासपाथवर होत्या, त्यामुळे कंपाईल झालं. आतल्या क्लासवर ॲनोटेशनं डोळ्यांना दिसत होती, नावासकट, नीट लिहिलेली. पण नवी लायब्ररी नव्या पॅकेजचीच ॲनोटेशनं वाचते. जुनी तिच्या लेखी नव्हतीच. तिने तो क्लास कोरा समजून गेटरवरून स्वतःच्या मनाने नावं दिली आणि फाईल लिहिली. नमुना फाईलशी ताडणाऱ्या टेस्टने ते पकडलं. रिव्ह्यूमध्ये पकडणं अवघड होतं, कारण स्क्रीनवर बघणाऱ्याला इम्पोर्टच्या ओळी एडिटर मिटवूनच दाखवतो.

नेमस्पेसचंही इथेच सांगून टाकते. आयएसओच्या मेसेजची आवृत्ती त्याच्या नेमस्पेसमध्ये असते. समोरच्याने पुढची आवृत्ती पाठवली की टॅगची नावं तीच, दिसायला फाईल तीच, फक्त नेमस्पेसच्या शेवटचा आकडा वेगळा. नुसतं ‘ही फाईल वाच’ म्हटलं तर लायब्ररी मूळ एलिमेंटपाशीच थांबते आणि ओळखत नाही म्हणून सांगते. पण ‘ही फाईल अमुक क्लास म्हणून वाच’ असं सांगितलं, आणि पुष्कळ ठिकाणी सोयीसाठी तसंच लिहिलेलं असतं, तर ती मूळ एलिमेंटचं नाव तपासत नाही. आतलं एकही एलिमेंट तिला ओळखीचं वाटत नाही, ती सगळी ओलांडून पुढे जाते आणि तुमच्या हातात एक ऑब्जेक्ट ठेवते, ज्याचं प्रत्येक फील्ड नल आहे. एररचा पत्ता नाही. लॉगमध्ये लिहिलेलं असतं: मेसेज यशस्वीपणे वाचला.

याच्यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. वाचणाऱ्याला स्कीमा जोडता येते. अनोळखी एलिमेंट दिसलं की कळव, असा हँडलर बसवता येतो. आमच्याकडे दोन्ही आहेत. मधल्या काळात असा वाद झाला की इतकं कडक असावं का. समोरच्या बँकेने एखादं जास्तीचं एलिमेंट घातलं तर आख्खी फाईल अडवायची? माझं मत असं की पैसे हलवणाऱ्या मेसेजमध्ये अडवायची, आणि नुसती माहिती देणाऱ्या मेसेजमध्ये नोंद करून पुढे जायचं. काही सहकाऱ्यांना दोन नियम ठेवणं गोंधळाचं वाटतं. वेगळ्या जोखमीला वेगळा नियम लावण्यात मला गोंधळ दिसत नाही.

स्कीमावरून क्लास आपोआप तयार करणारं हत्यारही आहे, आणि आयएसओच्या मेसेजसाठी आम्ही तेच वापरतो. हाताने लिहिण्यासारख्या त्या स्कीमा नाहीतच. फक्त त्या तयार झालेल्या क्लासना कोणी हात लावायचा नाही. ते वेशीवर राहतात, आत येत नाहीत. आतले क्लास आमचे, बँकेच्या भाषेतले: लाभार्थी, शाखा, रक्कम, मंजुरी. दोघांमध्ये एक साधा रूपांतराचा कोड, फील्डागणिक एक ओळ, कंटाळवाणा. तो कंटाळवाणा कोडच मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे प्रत्येक ओळीवर थांबून विचारता येतं: हे आलं नाही तर?

नव्या मेसेजचं काम सुरू झालं की आम्ही हाच प्रश्न घेऊन बसतो, बँकेचा एखादा अधिकारी बरोबर घेऊन. ऐच्छिक फील्डं एकेक काढायची आणि विचारायचं. कधी उत्तर झटकन येतं, कधी अधिकारी म्हणतात की विचारून सांगतो, आणि ते फील्ड तेवढे दिवस लाल राहतं.

व्यवहार नाकारला गेल्याचं कळवणाऱ्या मेसेजमध्ये असंच एक फील्ड आहे. स्थिती येते, पण नाकारण्याचं कारण स्कीमाने ऐच्छिक ठेवलंय. कारण आलं नाही की आमच्या स्क्रीनवरचा कारणाचा रकाना कोरा राहायचा. एका शाखेतल्या मॅडमचा फोन आला होता. “तुमच्या स्क्रीनवर नुसतंच ‘नाकारले’ दिसतंय. कारण आलं नाहीये, की आलंय आणि तुमच्याकडून दिसत नाहीये? ग्राहक समोर उभा आहे, त्याला मी काय सांगू?” कोऱ्या रकान्यावरून त्यांना हे कळायला खरोखरच मार्ग नव्हता. आता तिथे तीन वेगवेगळी वाक्यं येऊ शकतात. एलिमेंट नसेल तर ‘पलीकडच्या बँकेने कारण कळवलेले नाही’. एलिमेंट आहे पण रिकामं असेल तर ‘कारणाची जागा रिकामी आली’. आणि कारणाचा कोड आला पण आमच्या यादीत नसेल तर तो कोड जसाच्या तसा. पहिल्या दोन वाक्यांच्या शेजारी मोठ्या बँकेच्या संबंधित विभागाचा फोन नंबर दिसतो. कोडमध्ये ही तीन वाक्यं एकाखाली एक आहेत, आणि तिन्हींची स्वतंत्र टेस्ट आहे.